नेटवर्कचे अलर्ट: कोणाला उठवायचं, कोणाला झोपू द्यायचं

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेतीनला माझा फोन थरथरत थरथरत गादीच्या कडेला गेला आणि खाली पडला. उचलून बघतो तर ग्रुपवर १८६ मेसेज. मजकूर सगळ्यांचा सारखाच: अमुक उपकरण पिंगला (‘आहेस का?’ या हाकेला) उत्तर देत नाही, तमुक उपकरण पिंगला उत्तर देत नाही. प्रत्यक्षात बाजारपेठेतल्या एका पेटीतल्या स्विचचा (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या उपकरणाचा) अ‍ॅडॉप्टर जळाला होता. त्याच्यामागची सगळी उपकरणं ठणठणीत होती, फक्त आमच्या मशिनला ती दिसत नव्हती. आमच्या दोन्ही लाइनमननी तो ग्रुप कधीचाच म्यूट करून टाकला होता आणि त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं. दिवसाला साठ-सत्तर मेसेज ओकणारा तो ग्रुप मीच बनवला होता.

मी तालुक्याच्या गावात छोटं फायबर ब्रॉडबँड नेटवर्क सांभाळतो. त्या रात्रीनंतर अलर्टची सगळी मांडणी मोडून पुन्हा केली, तिचाच हा क्रम. उदाहरणं झॅबिक्सची (नेटवर्कवर नजर ठेवून बिघाड कळवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आहेत, कारण मी तेच वापरतो. लिब्रेएनएमएस, नागिओस किंवा प्रोमिथियसवाल्यांना बटणं वेगळ्या ठिकाणी सापडतील, काम तेच. कॉलेजचं किंवा कारखान्याचं नेटवर्क बघणाऱ्यांनी फायबरचा भाग वरवर वाचला तरी चालेल.

झॅबिक्स बसवण्यावर इथे शब्द खर्च करत नाही. ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू, त्यावर ७.० ही दीर्घ सपोर्टची आवृत्ती. शंभर-दोनशे उपकरणांना एवढं पुरतं. अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच मिनिटाला बदला, तो अख्ख्या जगाला पाठ आहे.

आधी कागद, मग कीबोर्ड

पहिले दोन दिवस झॅबिक्स उघडूच नका. एका मोठ्या कागदावर नेटवर्क काढा. वर अपलिंकचा (बाहेरून इंटरनेट आणणाऱ्या लाइनचा) राउटर, त्याखाली मुख्य स्विच, त्याखाली ओएलटी (घरोघरच्या फायबर जिथून निघतात ते यंत्र), दुसरीकडे टॉवरवरची रेडिओ लिंक, असं झाडासारखं खाली खाली. प्रत्येक उपकरणाच्या वर काय आहे, म्हणजे कोण पडलं की हे दिसेनासं होईल, ते बाणाने दाखवा. हा बाण पुढे फार कामाला येतो.

मग प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: आयपी, नेमकी जागा, वीज कुठून येते, आणि किल्ली कोणाकडे आहे. शेवटचं वाचून हसू नका. आमची एक पेटी पतसंस्थेच्या जिन्याखाली आहे आणि त्या जिन्याला रात्री आठनंतर कुलूप असतं. किल्ली शेजारच्या किराणा दुकानदाराकडे. हे मला माहीत होतं, एका लाइनमनला माहीत होतं, आणि नेमका नव्याने लागलेला मुलगा रात्री अकराला तिथे जाऊन उभा राहिला.

उपकरणांची नावं एकाच पद्धतीने द्या: जागा, प्रकार, क्रमांक. ‘बाजारपेठ-स्विच-२’ हे नाव चांगलं. ‘नवीन स्विच’ हे नाव वाईट, कारण चार वर्षांनीही ते तसंच राहतं. स्विचच्या प्रत्येक पोर्टच्या वर्णनातही पलीकडे काय जोडलंय ते भरा. हे वर्णन एसएनएमपीतून (उपकरणांना त्यांची माहिती विचारायच्या ठरलेल्या भाषेतून) वाचता येतं आणि थेट मेसेजमध्ये घालता येतं. पोर्ट २३ डाउन असं वाचून कोणाच्याही डोक्यात काही उजेड पडत नाही. ‘स्टँड ओएलटीकडे जाणारा पोर्ट डाउन’ म्हटलं की माणूस चपला घालायला लागतो.

घड्याळं एक करा

कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. सगळ्या उपकरणांचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवा आणि टाइमझोन भारतीय ठेवा. नाहीतर एकाच घटनेच्या दोन नोंदी साडेपाच तासांच्या फरकाने दिसतात आणि आधी काय पडलं हेच कळत नाही. घड्याळ न लावलेला जुना सिस्कोचा स्विच वीज गेली की पुन्हा १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. लॉगमध्ये (उपकरणाच्या नोंदवहीत) ‘मार्च १’ दिसला की समजायचं, हा बिचारा नुकताच उठलाय आणि याला एनटीपी मिळालेलं नाही.

इंटरनेट सेवा देणाऱ्यांना तर हे कायद्यानेच करावं लागतं. सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी घड्याळ जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलंय.

खबर येण्याच्या चार वाटा

पहिली वाट पिंग. उपकरण आहे की नाही एवढंच ती सांगते, पण ते भरवशाने सांगते.

दुसरी एसएनएमपीने विचारणं. आपलं मशिन दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी यूडीपी १६१ पोर्टवर जाऊन विचारतं: तापमान किती, पोर्ट चालू का, किती डेटा गेला. इथे दोन खड्डे आहेत. डेटा मोजायला ३२ बिटांचा काउंटर घेतलात तर १ जीबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर तो साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो आणि आलेख वेड्यासारखे उड्या मारतात. ६४ बिटांचाच घ्या. दुसरा खड्डा अपटाइमचा, म्हणजे उपकरण किती वेळ सलग चालू आहे त्याचा. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी त्याचाही काटा शून्यावर येतो. दीड वर्ष एकदाही न बंद पडलेला स्विच ‘रीस्टार्ट झाला’ असा मेसेज पाठवतो आणि आपण त्याचा यूपीएस तपासायला धावतो. उपकरणात एसएनएमपीची तिसरी आवृत्ती चालू असेल तर तिच्या इंजिनचा वेळ सेकंदांत मिळतो, तो वापरा. तिसरी आवृत्ती सुरक्षेसाठीही बरी. दुसरीच वापरावी लागत असेल तर ‘पब्लिक’ हे कम्युनिटी नाव (तेच तिथे पासवर्डचं काम करतं) तरी बदला आणि फक्त झॅबिक्सच्या आयपीलाच परवानगी द्या.

तिसरी वाट ट्रॅप. इथे उपकरण स्वतःहून यूडीपी १६२ वर ओरडून सांगतं. खबर त्याच क्षणी येते, पण यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड: पोचलं तर पोचलं. ज्याची वीजच गेली तो स्विच ट्रॅप पाठवणार कुठून? म्हणून फक्त ट्रॅपवर कधीही विसंबू नका. पोचपावती हवी असेल तर ट्रॅपऐवजी ‘इन्फॉर्म’ हा प्रकार मिळतो, उपकरणात असेल तर तो निवडा. झॅबिक्समध्ये ट्रॅप घेताना एक ‘फॉलबॅक’ आयटम जरूर ठेवा. कुठल्याच नियमात न बसलेले ट्रॅप त्यात जमा होतात. पहिला आठवडा रोज संध्याकाळी तो वाचा, आपलं उपकरण काय काय बोलतं ते तिथेच कळतं.

चौथी वाट सिसलॉग, म्हणजे उपकरण आपल्या घडामोडी ओळीओळीने लिहून पाठवतं ते. प्रत्येक ओळीला ० ते ७ अशी पातळी असते. ० म्हणजे आग लागली, ७ म्हणजे नुसती बडबड. ओळीच्या सुरुवातीला टोकदार कंसात एक आकडा असतो, उदाहरणार्थ १८७. त्याला ८ ने भागा. भागाकार २३ म्हणजे ‘लोकल ७’ ही फॅसिलिटी (ओळ कुठल्या विभागातली ते), बाकी ३ म्हणजे ‘एरर’ ही पातळी. सिस्कोच्या स्विचवर पोर्ट पडला की ‘लिंक-३-अपडाउन’ अशी ओळ येते, त्यातला ३ हाच. लगेच मागून ‘लाइनप्रोटो-५-अपडाउन’ येते, म्हणजे एकाच घटनेच्या दोन ओळी. दोन्हींवर अलर्ट लावलात तर मेसेजही दोन येतील. सिसलॉग साठवा सगळं, पण अलर्ट लावा मोजक्या पाच-सात वाक्यांवर: पंखा बंद, पॉवर सप्लाय गेला, लूप सापडला, चुकीच्या पासवर्डने पुन्हा पुन्हा लॉगिन, आणि तुमच्या उपकरणाची खास दुखणी.

किती वेळ थांबायचं

झॅबिक्सचा तयार पिंग टेम्प्लेट सलग तीन तपासण्या वाया गेल्यावर अलर्ट देतो, पॅकेट लॉस (वाटेत हरवलेल्या पिंगचं प्रमाण) ५ मिनिटं २० टक्क्यांच्या वर राहिला तर वेगळा देतो. सुरुवातीला हे आकडे ठीक आहेत. रेडिओ लिंकला मात्र पावसात दोन-तीन मिनिटांचे झटके बसतात, तिथे मी पाच तपासण्या ठेवल्यात.

अलर्ट लागण्याचा आणि मिटण्याचा आकडा कधीही एक ठेवू नका. साध्या दर्जाच्या एसएफपीची (स्विचमध्ये खोचायच्या फायबर मॉड्यूलची) तापमानाची मर्यादा ७० अंश असते. मी ६५ ला अलर्ट लावतो आणि तो ५८ च्या खाली उतरल्यावरच मिटतो. दोन्हीकडे ६५ ठेवलं होतं तेव्हा एप्रिलमधल्या एका दुपारी पत्र्याच्या पेटीतला मॉड्यूल ६४ आणि ६६ च्या मध्ये झोके घेत बसला आणि तासाभरात चाळीस मेसेज आले. झॅबिक्समध्ये यासाठी ट्रिगरला (अलर्ट कधी द्यायचा त्या नियमाला) ‘रिकव्हरी’ची वेगळी अट देता येते.

फडफडणाऱ्या पोर्टचंही तेच. सैल पॅचकॉर्डमुळे (जोडणीच्या छोट्या केबलमुळे) पोर्ट मिनिटाला चार वेळा पडतो आणि उठतो. ‘अर्ध्या तासात पाचपेक्षा जास्त वेळा पडला’ असा एक वेगळा ट्रिगर बनवा आणि त्याचा एकच मेसेज जाऊ द्या: पोर्ट फडफडतोय, पॅचकॉर्ड बघा.

बाप पडला तर पोरांनी गप्प बसायचं

कागदावरचे बाण आता कामाला येतात. झॅबिक्समध्ये ट्रिगरला ‘डिपेंडन्सी’ देता येते. बाजारपेठेतला स्विच पडलेला असेल तर त्यामागच्यांचे अलर्ट दाबून ठेवायचे. नागिओसमध्ये हेच ‘पेरेंट’ लिहून होतं. माझे १८६ मेसेज या एका गोष्टीने एकावर आले असते.

हे लावूनही सुरुवातीला माझ्याकडे गोंधळ व्हायचा. कारण शोधायला दोन दिवस गेले. बापाची आणि पोरांची तपासणी एकाच मिनिटाच्या अंतराने होत होती, त्यामुळे कधी पोर आधी ‘पडायचं’ आणि बाप नंतर. तोवर मेसेज निघून गेलेला असायचा. आता वरच्या उपकरणांना दर ३० सेकंदांनी पिंग जातो आणि खालच्यांना दर मिनिटाने. तीन-तीन तपासण्यांच्या हिशेबाने बाप दीड मिनिटात पडलेला ठरतो, पोरांना तीन मिनिटं लागतात.

वीज गेली की फायबर तुटली

आमच्या धंद्यातला खरा प्रश्न हा. एका पॉन पोर्टवरची (ओएलटीतून निघणाऱ्या एका फायबरवरची) चाळीस घरं एका क्षणी गेली. महावितरणची वीज गेली असेल तर काहीच करायचं नाही, आली की घरं आपोआप येतील. जेसीबीने फायबर उपटली असेल तर आत्ता फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन निघायचं. मेसेज दोन्ही वेळा ‘४० ग्राहक डाउन’ एवढाच येत असेल तर तो मेसेज काय कामाचा?

फरक सांगणारी सोय जीपॉनमध्येच (घरोघरी फायबर पोचवायच्या या तंत्रातच) आहे. ओएनयूची (ग्राहकाच्या घरातल्या फायबर उपकरणाची) वीज गेली की त्याच्या कपॅसिटरमध्ये काही मिलिसेकंदांपुरती वीज उरते. तेवढ्यात तो ओएलटीला एक शेवटचा संदेश टाकतो आणि मरतो. याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, अखेरचा श्वास. फायबर तुटली असेल तर हा श्वास पोचायला रस्ताच नसतो. ओएलटीला फक्त उजेड गेलेला दिसतो आणि तो ‘लॉस’ (सिग्नल गेला) असं नोंदवतो.

तर नियम असा बांधा. एका पॉन पोर्टवरचे निम्म्याहून जास्त ओएनयू दोन मिनिटांत गेले, तर कारणं मोजा. बहुतेकांचं कारण डाइंग गॅस्प असेल तर ‘वीज गेली’ अशी साधी नोंद करा, कोणाला उठवू नका. बहुतेकांचं लॉस असेल तर मोठा अलर्ट द्या. हे कारण ओएलटीच्या ट्रॅपमध्ये किंवा सिसलॉगमध्ये येतं, किंवा कंपनीच्या खासगी एमआयबीत (एसएनएमपीने काय काय विचारता येतं त्याच्या पत्त्यांच्या यादीत) सापडतं. खासगी एमआयबीचे सगळे पत्ते १.३.६.१.४.१ ने सुरू होतात आणि पुढचा आकडा कंपनीचा असतो: सिस्को ९, हुआवे २०११, मायक्रोटिक १४९८८. तुमच्या ओएलटीची एमआयबी फाइल विक्रेत्याकडून हट्टाने मागून घ्या.

पण नुसत्या श्वासावर भिस्त ठेवू नका. स्वस्तातले काही ओएनयू तो टाकतच नाहीत. आणि हल्ली बऱ्याच घरांत १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस असतो. तिथे वीज गेली तरी ओएनयू जिवंत राहतो. यातूनच मला दुसरी खूण सापडली आणि ती पहिलीपेक्षा पक्की निघाली. वीज गेली तर इन्व्हर्टरवाली चार घरं तरी चालू राहतात. फायबर तुटली तर त्या फांदीवरचं एकही घर उरत नाही. म्हणून नियमात दुसरी अट घाला: एका स्प्लिटरवरची (फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या एका जोडणीवरची) झाडून सगळी घरं गेली का?

त्यासाठी प्रत्येक ओएनयूच्या वर्णनात डबीचा म्हणजे स्प्लिटरच्या खोक्याचा क्रमांक हवा. हे भरायला आम्हाला तीन आठवडे लागले, जुन्या वह्या काढाव्या लागल्या. फायदा पहिल्याच कटला दिसला. एकाच फायबरवर पुढे पुढे डब्या आहेत. सहाव्या डबीपर्यंतची घरं चालू, सातव्यापासून सगळी बंद. म्हणजे तुटलंय ते सहा आणि सातच्या मध्ये. लाइनमन थेट तिथे गेला. गटाराचं काम चालू होतं, फायबरचा तुकडा मातीवर लोंबत होता आणि कंत्राटदाराची माणसं चहा पीत होती.

ओएलटी किंवा मधल्या पेट्यांसाठी एक साधी युक्ती आहे. यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर बॅटरीवर गेल्याची आणि किती मिनिटं उरली याची माहिती एसएनएमपीनेच मिळते, आरएफसी १६२८ या इंटरनेटच्या मानकात त्याचे पत्ते ठरलेले आहेत. कार्ड नसेल, आणि आपल्याकडे बहुधा नसतंच, तर एक टाकाऊ राउटर त्याच पेटीत यूपीएसला न जोडता थेट कच्च्या विजेवर लावा आणि त्याला पिंग करा. तो गेला आणि स्विच चालू आहे, म्हणजे वीज गेली आणि बॅटरीचं मीटर सुरू झालं. मी त्यापुढे ४५ मिनिटांचा ट्रिगर लावलाय: एवढा वेळ वीज आली नाही तर जनरेटर घेऊन निघायचं.

उजेडाच्या पातळीवरही लक्ष ठेवा. बी प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये ओएनयूला उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, उणे आकडा वाढला की उजेड कमी) उजेड चालतो. पण उणे २७ ला अलर्ट लावणं म्हणजे मेल्यावर डॉक्टर बोलावणं. त्यापेक्षा प्रत्येक घराचा बसवतानाचा आकडा नोंदवा आणि त्यापेक्षा ३ डीबी घसरला की नोंद होऊ द्या. ३ डीबी म्हणजे उजेड निम्मा झाला. बहुतेक वेळा वाकलेली फायबर, कनेक्टरवरची धूळ, किंवा डबीत शिरलेलं पाणी सापडतं. हे रात्रीचं काम नाही, सकाळच्या यादीतलं आहे.

मेसेज कसा लिहायचा

झॅबिक्सचा मूळ मजकूर इंग्रजीत आणि लांबलचक असतो. तो पुसून टाका. मेसेज वाचणारा माणूस गाडीवर आहे, पावसात आहे किंवा अर्धवट झोपेत आहे असं समजून लिहा. त्याला पाच गोष्टी हव्यात: काय झालं, कुठे, केव्हापासून, किती घरं, आणि काय घेऊन कुठे जायचं. आमचा एक खरा नमुना, जागेचं नाव तेवढं बदललंय (ओटीडीआर म्हणजे फायबर किती अंतरावर तुटली ते दाखवणारं यंत्र):

‘मोठा. फायबर कट. स्टँड ओएलटी, पोर्ट ३, डबी ६ ते ७ दरम्यान. ०२:१४ पासून. घरं १४. ओटीडीआर आणि स्प्लायसिंग मशीन घ्या. किल्ली लागत नाही.’

महत्त्वाचा शब्द अगदी पुढे, कारण फोनच्या कुलूपबंद पडद्यावर पहिली ओळच दिसते. जागा, वेळ, पोर्टचं वर्णन हे सगळं झॅबिक्सचे मॅक्रो (मजकुरातल्या बदलत्या जागा) आपोआप भरतात. किल्ली आणि साहित्य होस्टच्या (त्या उपकरणाच्या) इन्व्हेंटरीत किंवा ट्रिगरच्या वर्णनात लिहून ठेवायचं. जो अलर्ट लिहिताना ‘काय करायचं’ हा रकाना भरता आला नाही, तो अलर्टच मी ठेवला नाही. या एका चाळणीत माझे साठ टक्के ट्रिगर गळाले.

मिटल्याचा मेसेजही पाठवा, पण छोटा: ‘मिटलं. स्टँड ओएलटी, पोर्ट ३. बंद काळ १ तास ५२ मिनिटं.’ तक्रारीच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला हाच मेसेज सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

एसएमएसने मराठीत पाठवणार असाल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. रोमन अक्षरांच्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अर्धं अक्षर सगळं वेगळं मोजलं जातं. ‘फायबर तुटली: पोर्ट ३, डबी ७ च्या पुढे. घरे १४. ओटीडीआर घेऊन जा.’ हे वाक्य ६३ भरतं, एका एसएमएसमध्ये जेमतेम बसतं.

मेसेज पोचणार कसा

रोजच्या कामाला टेलिग्राम. बॉटफादर या टेलिग्रामच्याच खात्याकडून बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) बनवा, टोकन घ्या, बॉटला ग्रुपमध्ये घाला, ग्रुपचा क्रमांक झॅबिक्समध्ये टाका. तो क्रमांक उणे चिन्हाने सुरू होतो. चिन्ह विसरलात तर मेसेज जात नाही. टेलिग्रामने साधा ग्रुप सुपरग्रुपमध्ये बदलला की क्रमांकही बदलतो आणि अलर्ट गुपचूप बंद पडतात. शिवाय बॉटला एका ग्रुपवर मिनिटाला २० च्या वर मेसेज पाठवता येत नाहीत. त्या रात्री खरा कामाचा मेसेज, म्हणजे स्विचचा, याच गर्दीत मागे राहिला.

व्हॉट्सअ‍ॅपची बाहेरची जुगाडू साधनं वापरू नका, नंबर बंद होतो. गेटवेमार्फत एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. साचा मंजूर करून घेताना बदलणाऱ्या जागा नीट सोडा, नाहीतर दर वेळी मेसेज अडतो.

आता गोम अशी की आपलं अपलिंकच पडलं तर टेलिग्रामचा मेसेज जाणार कुठल्या वाटेने? झॅबिक्सच्या मशिनला दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला ४जी राउटर जोडा आणि अपलिंक गेलं की त्यावरून बाहेर पडू द्या. किंवा यूएसबी मॉडेममधून थेट एसएमएस पाठवा. त्यातून देवनागरी जाते का ते आधी पाठवून बघा, नसेल जात तर रोमन लिपीत लिहा.

आणि झॅबिक्सच पडला तर? तेव्हा सगळीकडे शांतता असते आणि आपण खूश असतो. बाहेर कुठेतरी, स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर), एक छोटा पहारेकरी ठेवा. झॅबिक्सने त्याला दर पाच मिनिटांनी ‘आहे’ म्हणायचं. पंधरा मिनिटं आवाज आला नाही तर त्याने मला मेसेज करायचा. आमच्याकडे हा एकदाच वाजला: डेस्कटॉपची हार्डडिस्क लॉगने भरली होती.

कोणाला, कधी

झॅबिक्समध्ये सहा पातळ्या आहेत. मी तीनच वापरतो. मोठा म्हणजे रात्रीही फोन वाजणार. मधला म्हणजे सकाळी सात ते रात्री दहा टेलिग्रामवर. बारीक म्हणजे मेसेज नाही, फक्त यादीत.

मोठ्या अलर्टला पंधरा मिनिटांत कोणी ‘घेतलं’ असं उत्तर दिलं नाही तर तो दुसऱ्या लाइनमनकडे जातो, आणखी पंधरा मिनिटांनी माझ्याकडे. एका वेळी एकच माणूस. सगळ्यांना एकदम पाठवलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. रात्रपाळी आठवड्याने बदलते आणि तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असतो.

महावितरणचा देखभालीचा वार तुमच्या भागात ठरलेला असेल, तर त्या वेळेसाठी ‘मेंटेनन्स’ लावून ठेवा. आपण स्वतः काही खोलणार असू तेव्हाही. मेंटेनन्सला शेवटची वेळ टाकायला विसरू नका. माझ्याकडून एकदा एक ओएलटी अकरा दिवस मुका राहिला.

केबल उपटून बघा

सगळं लावून झालं की एका रविवारी पहाटे, ग्राहकांना आधी कळवून, खरी केबल उपटा. मुख्य स्विचची उपटा आणि एकच मेसेज येतो का ते मोजा. एका ओएनयूचा अ‍ॅडॉप्टर काढा, डाइंग गॅस्प नोंदला जातो का बघा. मग फायबर काढा, लॉस येतो का बघा. अपलिंक काढा आणि ४जीवरून मेसेज निघतो का बघा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा. आमचा अपलिंकचा मेसेज पहिल्या चाचणीत आलाच नाही, सिमचा रिचार्ज संपला होता. आता रिचार्जची तारीखही झॅबिक्समध्ये आहे.

त्यानंतर दर सोमवारी मी आठवड्याचे अलर्ट छापून घेतो आणि प्रत्येकापुढे दोघा लाइनमनना विचारतो, यावर तू काय केलंस? ‘काही नाही’ असं उत्तर आलं की तो ट्रिगर तिथेच खालच्या पातळीवर जातो किंवा पुसला जातो. परवाच्या सोमवारी कागदावर नऊ ओळी होत्या. त्यातली एक त्यांनी स्वतः वाढवायला लावली: पतसंस्थेच्या जिन्याखालच्या पेटीचं दार उघडं राहिलं तर कळलं पाहिजे, आत मांजर व्यालीय.